सातासमुद्रापार जपलेले ताट

नेर परसोपंतसारख्या तालुक्याच्या गावातून एखादी मुलगी परदेशी शिकायला निघाली, की घरात पहिली लगबग सुरू होते ती डब्यांची. जवसाची चटणी, मेतकूट, भाजलेले तिखट, तुरीची डाळ, सांडगे... बॅगेचे वजन पुन्हा पुन्हा करून पाहिले जाते. तिकडे भारतीय किराणा मिळतो हे ठाऊक असूनही आईचा जीव राहत नाही. आता कल्पना करावी ती १८८३ सालची. अमेरिकेत ना भारतीय दुकान, ना ओळखीचे स्वयंपाकघर, ना सोबतीला घरचे माणूस. अशा काळात अवघ्या अठरा वर्षांची एक मराठी ब्राह्मण विवाहिता एकटी तिकडे गेली आणि आपले ताट बदलणार नाही, असे गावासमोर सांगून गेली. त्या म्हणजे डॉ. आनंदीबाई जोशी.

कल्याणच्या गणपतराव जोशी यांची ही कन्या. जन्म ३१ मार्च १८६५ चा. माहेरचे नाव यमुना. वयाच्या नवव्या वर्षी, वयाने सुमारे वीस वर्षांनी मोठ्या असलेल्या, टपाल खात्यातील गोपाळराव जोशी या विधुराशी तिचा विवाह झाला आणि यमुनेची आनंदी झाली. गोपाळराव विक्षिप्त, हट्टी, पण पत्नीला शिकवायचेच या ध्यासाने झपाटलेले गृहस्थ. वयाच्या चौदाव्या वर्षी आनंदीबाईंना मुलगा झाला आणि दहाच दिवसांत तो गेला. स्त्रियांना आपले दुखणे सांगता येईल असा वैद्यच नसतो, ही जाणीव त्या दुःखातून आली आणि डॉक्टर होण्याचा निश्चय झाला.

गोपाळरावांनी एका मिशनऱ्याशी केलेला पत्रव्यवहार अमेरिकेतील एका नियतकालिकात छापून आला. न्यू जर्सीतील रोझेल गावच्या थिओडिशिया कार्पेंटर या गृहिणीच्या तो वाचनात आला आणि तिने आनंदीबाईंना पत्र लिहिले. दोघींत मायलेकींसारखा जिव्हाळा निर्माण झाला. आनंदीबाई तिला मावशी म्हणू लागल्या.

मात्र परदेशगमन म्हणजे धर्म बुडवणे, अशी तेव्हाच्या समाजाची ठाम समजूत होती. गोपाळरावांची बदली तेव्हा बंगालमध्ये श्रीरामपूरला झालेली होती. फेब्रुवारी १८८३ मध्ये तेथील महाविद्यालयाच्या सभागृहात आनंदीबाईंनी इंग्रजीतून भाषण केले आणि एकेका आक्षेपाला उत्तर दिले. हिंदू म्हणून जाईन आणि हिंदू म्हणूनच परत येईन, आपले रीतिरिवाज, अन्न आणि पोशाख यांत फरक करणार नाही, असा त्या भाषणाचा आशय होता. अन्नाचा हा उल्लेख वरवरचा नव्हता. परतल्यावर घरच्या पंक्तीत पान मांडले जाणार की नाही, हे त्यावरच ठरणार होते. आणि पंक्तीला न घेतलेल्या बाईकडून औषध तरी कोण घेणार? आनंदीबाईंच्या साऱ्या शिक्षणाचे सार्थक अशा रीतीने त्यांच्या ताटाशी बांधले गेले होते.

७ एप्रिल १८८३ रोजी कलकत्त्याहून त्यांनी प्रस्थान ठेवले. सोबतीला मिशनरी स्त्रिया होत्या. जहाजावरचा स्वयंपाक प्रामुख्याने मांसाचा. वरण-भातावर वाढलेल्या या मुलीचे सुमारे दोन महिन्यांच्या त्या प्रवासात खाण्याचे अतोनात हाल झाले. ४ जून रोजी न्यूयॉर्कला उतरल्यावर कार्पेंटरबाई त्यांना आपल्या घरी घेऊन गेल्या.

रोझेलचे ते दिवस सुखाचे ठरले. त्या कुटुंबाने पाहुणीच्या खाण्यापिण्याचा मान राखला. आनंदीबाईंनीही आपल्या हाताने मराठी स्वयंपाक रांधून यजमानांना खाऊ घातला, घरच्या बायकामुलींना साड्या नेसवल्या. आपले अन्न लपवण्याची नव्हे, तर वाढण्याची गोष्ट आहे, हे त्यांनी परक्या घरात दाखवून दिले.

खरी कसोटी लागली ती पुढे फिलाडेल्फियात. तेथील स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयाच्या डीन रेचेल बॉडली यांनी तीन वर्षांसाठी ६०० डॉलरची शिष्यवृत्ती दिली. पण राहण्याच्या खोलीतील शेगडी सदोष होती. ती पेटवली की खोलीभर धूर, न पेटवावी तर बर्फाळ गारठा. दिवसभर व्याख्याने आणि शवविच्छेदन, संध्याकाळी धुराशी झगडत एकटीपुरते रांधणे, पुन्हा रात्री अभ्यास. थंडीत पाय उघडे पडू नयेत म्हणून नऊवारीऐवजी त्यांनी गुजराती पद्धतीने साडी नेसायला सुरुवात केली. पोशाखात देशी राहूनच त्यांनी तोड काढली. ताटाला मात्र अशी तोड निघणे कठीण होते. डाळ-तांदळाचा रोजचा आधार, घरचे तूप, आमटीचा मसाला यांची जागा पाव आणि उकडलेल्या बटाट्याने कशी भरून निघावी?

यातला दैवदुर्विलास असा, की अमेरिकेतील शाकाहाराच्या चळवळीचे फिलाडेल्फिया हे एक प्रमुख केंद्र होते. मांस वर्ज्य मानणारा एक ख्रिस्ती पंथ १८१७ पासून त्या शहरात नांदत होता. आनंदीबाईंनी पदवी घेतली त्याच १८८६ साली अमेरिकेची शाकाहारी संस्थाही तेथेच स्थापन झाली. परंतु तो शाकाहार पाव, फळे आणि उकडलेल्या भाज्यांचा. मांस नसणे ही एक गोष्ट, आणि आपले जेवण असणे ही दुसरी. आनंदीबाई अमेरिकेला गेल्यानंतर पाच वर्षांनी, १८८८ मध्ये, लंडनला गेलेल्या मोहनदास गांधी यांनाही हाच अनुभव आला. आईला दिलेल्या वचनापायी अर्धपोटी राहून वणवण केल्यावर त्यांना फॅरिंग्डन स्ट्रीटवर शाकाहारी भोजनगृह सापडले. आनंदीबाईंच्या वाट्याला तसा आधार आला नाही.

डोकेदुखी, ताप आणि अशक्तपणा यांनी त्या वारंवार बेजार होत. घटसर्पाच्या दुखण्यातूनही त्या मोठ्या कष्टाने उठल्या. १८८५ मध्ये गोपाळराव अमेरिकेत पोहोचले. ११ मार्च १८८६ रोजी आनंदीबाईंना एम.डी. पदवी मिळाली. प्राचीन हिंदूंमधील प्रसूतिशास्त्र हा त्यांच्या प्रबंधाचा विषय होता. समारंभाला नातलग असलेल्या पंडिता रमाबाई इंग्लंडहून मुद्दाम आल्या. रमाबाईंनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला होता, तरी शाकाहार त्यांनी सोडलेला नव्हता. धर्म बदलूनही ताट न बदललेली एक आणि दोन्ही जपलेली दुसरी, अशा दोन मराठी स्त्रिया त्या दिवशी फिलाडेल्फियात एकत्र होत्या.

कोल्हापूरच्या आल्बर्ट एडवर्ड रुग्णालयातील स्त्री विभागाच्या डॉक्टरपदी आनंदीबाईंची नेमणूक झाली. पण तोवर क्षयाने शरीर पोखरले होते. नोव्हेंबर १८८६ मध्ये मुंबईला उतरल्या त्या रुग्ण म्हणूनच. पुण्यात उपचार सुरू झाले. ज्या समाजाच्या बहिष्काराचे भय होते, त्याच समाजातील माणसे त्यांना भेटायला आणि धीर द्यायला आली. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी त्यांची प्राणज्योत मालवली. वयाची बावीस वर्षेही पूर्ण झालेली नव्हती. एकाही रुग्ण स्त्रीला कोल्हापुरात त्यांचा हात लागला नाही.

त्यांच्या शाकाहाराने त्यांचा बळी घेतला, असे म्हणणे अन्यायाचे होईल. क्षय हा जंतूंमुळे होणारा रोग आहे, हे रॉबर्ट कॉख यांनी १८८२ मध्येच दाखवले होते, आणि त्यावरचे औषध यायला विसावे शतक अर्धे सरावे लागले. त्या काळी मांस खाणारेही या रोगाने हजारोंनी मरत. मात्र अपुऱ्या पोषणाने शरीर क्षयाला लवकर बळी पडते, हे आज वैद्यकशास्त्र निःसंशय मानते. दोष शाकाहाराचा नव्हता. पोटभर शाकाहारी जेवण मिळण्याची सोय नसताना तो पाळण्याची अट मात्र होती, आणि ती पुरुषांपेक्षा स्त्रीच्या माथी अधिक कठोरपणे मारलेली होती. आनंदीबाईंनी ती तक्रार न करता निभावली.

गोपाळरावांनी त्यांच्या अस्थी कार्पेंटरबाईंकडे पाठवल्या. न्यूयॉर्क राज्यातील पोकिप्सी येथे, कार्पेंटर कुटुंबाच्या दफनभूमीत त्या आजही विसावल्या आहेत. ज्या परक्या कुटुंबाने त्यांना आपल्या चुलीवर मराठी अन्न रांधू दिले, त्याच कुटुंबाने अखेरीस आपल्या माणसांत त्यांना जागा दिली.