विश्लेषण : संगणकाला ‘कधीतरी’ आणि ‘नेहमी’ची भाषा देणारे आर्थर प्रायर कोण होते?

चौकातल्या सिग्नलकडून दोन अपेक्षा असतात. आडव्या-उभ्या दोन्ही रस्त्यांना एकाच वेळी हिरवा दिवा कधीही लागू नये आणि थांबलेल्याला कधीतरी हिरवा मिळावाच. ‘कधीही नाही’ आणि ‘कधीतरी’ हे शब्द गणितात मांडण्याची वाट न्यूझीलंडच्या आर्थर प्रायर यांनी घालून दिली. त्यांच्यासमोर सिग्नल नव्हता; प्रश्न होता ईश्वराचा.

धर्मशास्त्रातून तर्कशास्त्रात

प्रायर यांचा जन्म १९१४ चा, मास्टरटन गावातला. ड्युनेडिनच्या ओटॅगो विद्यापीठात शिकताना ते प्रेस्बिटेरियन पंथाकडे ओढले गेले. ईश्वराला उद्याचे सगळे आधीच ठाऊक असेल, तर माणसाच्या निवडीला अर्थ काय, हा पेच त्यांना सुटेना. पुढे श्रद्धा ओसरली, पेच मात्र राहिला. १९४६ मध्ये क्राइस्टचर्चच्या महाविद्यालयात कार्ल पॉपर यांच्या जागी ते शिकवू लागले. १९४९ मध्ये घराला आग लागली.

नेमके काय केले?

‘शक्य’ आणि ‘अनिवार्य’ यांचा हिशेब मांडणारे मोडल लॉजिक तेव्हा होतेच. प्राचीन ग्रीक विचारवंत डायोडोरस म्हणे, जे आज खरे आहे किंवा पुढे खरे ठरेल तेवढेच शक्य. प्रायर यांना हे पटत नव्हते, पण शक्यतेचा काळाशी असलेला धागा त्यातूनच त्यांच्या हाती लागला. त्यांनी काळासाठी चिन्हे योजली : पूर्वी कधीतरी, पुढे कधीतरी, आजवर नेहमी, यापुढे नेहमी. हेच टेन्स लॉजिक. १९५५-५६ मध्ये त्यांनी ऑक्सफर्डमध्ये त्यावर व्याख्याने दिली; १९५७ मध्ये ‘टाइम अँड मोडॅलिटी’ हे पुस्तक आले.

ते वाचून १९५८ मध्ये १७ वर्षांच्या सोल क्रिप्के या अमेरिकी मुलाने त्यांना पत्र लिहिले : भविष्य एका रेषेत न मांडता झाडाच्या फांद्यांसारखे मांडावे. भविष्य खुले मानणाऱ्या प्रायर यांना ही कल्पना भावली आणि त्यांनी ती पुढे नेली. नाव नसलेल्या पोराचे पत्र बाजूला टाकणारे प्राध्यापक कमी नसतात.

संगणकाशी संबंध कसा?

१९६७ च्या ग्रंथात प्रायर यांनी जाता जाता नोंदवले, की टप्प्याटप्प्याने पुढे सरकणाऱ्या काळाचे तर्कशास्त्र डिजिटल संगणकाच्या कामाला लागू पडते. १९६९ मध्ये नॉर्वेत त्यांचे निधन झाले. १९७७ मध्ये इस्रायलच्या अमीर प्नुएली यांनी हीच पद्धत अखंड चालणाऱ्या प्रोग्रॅमच्या तपासणीसाठी मांडली. १९९६ मध्ये त्यांना ट्युरिंग पुरस्कार मिळाला. अशा प्रोग्रॅमला ‘शेवटचे उत्तर’ नसते. म्हणून ‘यापुढे नेहमी’ काय टिकेल आणि ‘पुढे कधीतरी’ काय घडेल, हेच तपासावे लागते.

फांद्यांचा काळही वाया गेला नाही. १९८१ च्या सुमारास एडमंड क्लार्क आणि ॲलन इमर्सन यांनी, तर फ्रान्समध्ये जोसेफ सिफाकिस यांनी ‘मॉडेल चेकिंग’ विकसित केले. यात यंत्राच्या पुढच्या साऱ्या संभाव्य वाटा संगणकच धुंडाळतो आणि एखादी वाट चुकीच्या स्थितीत पोचत असेल, तर ती दाखवून देतो. चिप बनवणाऱ्या कंपन्या आज चिप कारखान्यात जाण्यापूर्वी ही तपासणी करतात.