कामगारांच्या आरोग्याचा पाठपुरावा

अंबरनाथ-बदलापूरच्या कारखान्यांतील आजारी कामगारांनी वर्षानुवर्षे उल्हासनगरच्या कामगार विमा रुग्णालयाची पायरी चढली आहे. त्यांच्या हातातील विमापत्रामागे अनेकांचे श्रम आहेत. त्यांत कै. नारायण मल्हार जोशी यांचे नाव अग्रभागी घ्यावे लागेल. ते ना डॉक्टर होते, ना आरोग्यखात्याचे अधिकारी. तरीही सरकारी आरोग्यधोरणावर त्यांचा ठसा उमटला.

५ जून १८७९ रोजी तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्यातील गोरेगावी जन्मलेले जोशी १९०९ मध्ये नामदार गोखल्यांच्या भारत सेवक समाजात दाखल झाले. १९११ मध्ये त्यांनी मुंबईत सोशल सर्व्हिस लीग स्थापन केली. कामगार वस्त्यांत रात्रशाळा, वाचनालये, दवाखाने चालविताना त्यांना उमगले, की रोजगार बुडण्याच्या धास्तीने कामगार दुखणे अंगावर काढतो. तेव्हा केवळ औषध पुरेसे नाही.

१९१९ च्या वॉशिंग्टन येथील आंतरराष्ट्रीय श्रम परिषदेत ते भारतीय कामगारांचे प्रतिनिधी होते. बाळंतपणातील रजेचा प्रश्न तेथे चर्चिला गेला. पुढे मध्यवर्ती कायदेमंडळात सरकारनियुक्त सभासद असतानाही त्यांनी १९२४ मध्ये प्रसूती साहाय्याचे विधेयक आणले. सरकारनेच विरोध केला आणि १९२५ मध्ये ते फेटाळले गेले. परंतु मांडलेला विचार मागे हटला नाही. मुंबई कायदेमंडळात तशाच विधेयकाला डॉ. आंबेडकरांनी पाठिंबा दिला आणि १९२९ मध्ये मुंबई इलाख्यात कायदा झाला. सबंध देशासाठी तो व्हायला १९६१ साल उजाडले. जोशी मात्र ३० मे १९५५ रोजीच निवर्तले होते.

१९२९ च्या शाही श्रम आयोगावर ते होते. आजारपणाच्या विम्याचा विचार त्या आयोगाने पुढे नेला. १९४३ मध्ये नेमलेल्या भोर समितीत डॉक्टरांच्या जोडीला हा कामगार पुढारीही बसला. पैशांअभावी कोणी उपचाराला मुकू नये, हे तत्त्व आणि प्राथमिक आरोग्य केंद्रांची कल्पना त्या समितीच्या १९४६ च्या अहवालातून आली. १९४८ मध्ये कामगार राज्य विमा कायदा संमत झाला.

१९४९ मध्ये निर्वासितांच्या छावणीतून उल्हासनगर वसले. शेजारी अंबरनाथ-बदलापूरचा कारखानदारी पट्टा विस्तारला. परंतु विमा ज्याचे नाव हजेरीपटावर, त्यालाच मिळतो. छोट्या शिवणखोल्यांतील कारागीर, घरी तुकड्यावर काम करणाऱ्या स्त्रिया, कंत्राटदाराच्या वहीतही न सापडणारे मजूर यांच्यापर्यंत तो क्वचितच पोहोचतो. धोरण अहवालांतून आकार घेते हे खरे. पण अहवाल लिहिणाऱ्यांत या माणसांना ओळखणारा कोणी आहे का, यावर त्याची व्याप्ती ठरते. जोशींनी ती जागा पस्तीस वर्षे चिकाटीने भरून काढली. आज तिच्यावर कोण बसले आहे, हे या तीन शहरांनी आपल्या लोकप्रतिनिधींना विचारावयास हवे.