मच्छीमारांच्या गावातून आकाशाकडे

मुलांनो, अग्निबाणाचा भाग सायकलीवरून नेताना तुम्ही कधी पाहिला आहे का? तुम्ही म्हणाल, कुठे अग्निबाण आणि कुठे सायकल! पण आपल्या देशाच्या अंतराळ संशोधनाची सुरुवात खरोखरच अशी झाली. ही सुरुवात करणारे शास्त्रज्ञ म्हणजे डॉ. विक्रम साराभाई.

विक्रम यांचा जन्म १२ ऑगस्ट १९१९ रोजी अहमदाबाद येथे झाला. त्यांचे वडील अंबालाल हे कापड गिरणीचे मालक होते. आई सरलादेवी यांनी आपल्या मुलांसाठी घरातच शाळा सुरू केली होती. पुढे उच्च शिक्षणासाठी विक्रम इंग्लंडमधील केंब्रिज विद्यापीठात गेले. दुसरे महायुद्ध सुरू झाल्यावर ते मायदेशी परतले. बंगळूर येथे सर चंद्रशेखर व्यंकट रामन यांच्या मार्गदर्शनाखाली ते विश्वकिरणांचा अभ्यास करू लागले. विश्वकिरण म्हणजे अंतराळातून पृथ्वीकडे सतत येणारे अतिशय वेगवान कण. युद्ध संपल्यावर ते पुन्हा केंब्रिजला गेले आणि १९४७ साली डॉक्टर ही पदवी मिळवून परत आले.

त्याच वर्षी आपला देश स्वतंत्र झाला होता. घरी पैशाला तोटा नव्हता. विक्रम आरामात दिवस घालवू शकले असते. पण नोव्हेंबर १९४७ मध्ये त्यांनी अहमदाबादला भौतिक संशोधन प्रयोगशाळा सुरू केली. तिला स्वतःची इमारतही नव्हती. एका महाविद्यालयाच्या खोल्यांत काम चाले.

४ ऑक्टोबर १९५७ रोजी सोव्हिएत संघाने जगातील पहिला कृत्रिम उपग्रह आकाशात सोडला. आपणही अंतराळाचे संशोधन करावे, असे साराभाईंना वाटू लागले. पण त्या काळी आपल्या देशात अन्नधान्याची टंचाई होती. कितीतरी खेड्यांत शाळा नव्हती, दवाखाना नव्हता. गरीब देशाला अग्निबाण कशाला हवेत, असे लोक विचारत.

मुलांनो, हा प्रश्न चुकीचा नव्हता. साराभाईंनीही तो टाळला नाही. श्रीमंत देशांशी शर्यत लावून चंद्रावर माणूस पाठवावा, असे त्यांचे म्हणणे नव्हते. उपग्रहामुळे हवामानाचा अंदाज कळेल, दूरच्या खेड्यापर्यंत संदेश आणि शिक्षण पोहोचेल, म्हणून गरीब देशालाच या विज्ञानाची जास्त गरज आहे, असे ते सांगत. डॉ. होमी भाभा यांना हा विचार पटला. १९६२ साली सरकारने अंतराळ संशोधन समिती नेमली आणि साराभाई तिचे अध्यक्ष झाले.

आता अग्निबाण सोडण्यासाठी जागा हवी होती. केरळमध्ये तिरुवनंतपुरमजवळ थुंबा नावाचे मच्छीमारांचे लहानसे गाव आहे. पृथ्वीचे चुंबकीय विषुववृत्त या गावाच्या अगदी जवळून जाते. त्या रेषेच्या वर, सुमारे १०० किलोमीटर उंचीवर, दिवसा विजेचा जोरदार प्रवाह वाहतो. त्याचा अभ्यास करायला थुंबा ही उत्तम जागा होती.

पण तेथे मच्छीमारांची घरे होती आणि त्यांचे चर्चही होते. साराभाई तेथील बिशप परेरा यांना भेटले. बिशपांनी सारी गोष्ट गावकऱ्यांपुढे मांडली. गावकऱ्यांनी होकार दिला. विचार करा, आपले घर आणि प्रार्थनेची जागा सोडणे किती कठीण असते! त्यांच्यासाठी दुसरीकडे नवे चर्च बांधण्यात आले. जुन्या चर्चमध्ये अग्निबाण जोडण्याचे काम सुरू झाले. बिशपांच्या घरात कचेरी आली आणि गुरांच्या गोठ्यात प्रयोगशाळा. सामान सायकलीवरून नेले जाई.

२१ नोव्हेंबर १९६३ रोजी पहिला अग्निबाण सोडायचे ठरले. अग्निबाण अमेरिकेचा होता, उपकरण फ्रान्सचे होते. आयत्या वेळी क्रेन बिघडली. तेव्हा तरुण शास्त्रज्ञांनी हातांचा जोर लावून अग्निबाण जागेवर बसवला. त्या तरुणांत ए. पी. जे. अब्दुल कलाम हेही होते. तेच पुढे २००२ साली भारताचे राष्ट्रपती झाले. सूर्य मावळल्यावर अग्निबाण झेपावला आणि आकाशात नारिंगी रंगाचा ढग पसरला.

दुसऱ्यांची मदत घेण्यात साराभाईंना कमीपणा वाटला नाही. पण कायम दुसऱ्यांवर अवलंबून राहणे त्यांना मान्य नव्हते. २० नोव्हेंबर १९६७ रोजी आपल्या देशात तयार झालेला पहिला अग्निबाण थुंब्याहून उडाला. त्याचे नाव रोहिणी. त्याचा व्यास फक्त ७५ मिलिमीटर होता. तुमच्या पट्टीवर मोजून पाहा, साधारण तळहाताच्या रुंदीएवढाच! पण तो आपला होता.

१५ ऑगस्ट १९६९ रोजी भारतीय अंतराळ संशोधन संस्था, म्हणजेच इस्रो, स्थापन झाली. साराभाई रात्रंदिवस काम करत राहिले. ३० डिसेंबर १९७१ रोजी, थुंब्याला काम पाहायला आलेले असताना, जवळच कोवळम येथे त्यांचे झोपेत निधन झाले. तेव्हा ते अवघे ५२ वर्षांचे होते. भारताचा एकही उपग्रह त्यांना पाहायला मिळाला नाही.

परंतु त्यांनी तयार केलेली माणसे थांबली नाहीत. १९७५ साली आर्यभट हा आपला पहिला उपग्रह सोव्हिएत अग्निबाणाने अंतराळात गेला. त्याच वर्षी अमेरिकेच्या एका उपग्रहाच्या मदतीने सुमारे २४०० खेड्यांत शिक्षणाचे कार्यक्रम दूरदर्शन संचांवर दिसू लागले. ही योजना साराभाईंनीच आखली होती. १९८० साली आपल्याच अग्निबाणाने आपला उपग्रह वर नेला. २३ ऑगस्ट २०२३ रोजी भारताचे यान चंद्राच्या दक्षिण ध्रुवाजवळ उतरले. त्या यानाचे नाव होते विक्रम.

थुंब्याच्या जुन्या चर्चमध्ये आता अंतराळ संग्रहालय आहे. आणि मुलांनो, आज समुद्रात वादळ उठण्याआधीच उपग्रहाच्या चित्रांवरून ते कळते आणि मच्छीमारांना सूचना मिळते. त्यांच्या होड्या वेळेवर किनाऱ्याला लागतात. गरीब देशाला अग्निबाण कशाला, हा प्रश्न तुम्हाला कोणी विचारला, तर त्या होड्यांची गोष्ट सांगा.