पंडिता रमाबाईंची विद्या

मुलीस विद्या दिली तर ती कोणाच्या उपयोगी पडणार, अशी शंका आमच्या देशांत पूर्वीं थोरथोर शास्त्र्यांसही वाटे. तिचें उत्तर पंडिता रमाबाईंच्या चरित्रांत मिळतें, म्हणून तें आम्ही वाचकांपुढें थोडक्यांत ठेवितों.

बाईंचे वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनीं आपल्या पत्नीस, लक्ष्मीबाईंस, संस्कृत शिकविलें. लोकांस तें रुचलें नाहीं. तेव्हां शास्त्रीबुवांनीं गंगामूळच्या अरण्यांत बिऱ्हाड केलें. तेथें २३ एप्रिल १८५८ रोजीं रमाबाईंचा जन्म झाला. पुढें हें कुटुंब पुराण सांगत तीर्थोतीर्थीं पायीं फिरूं लागलें, आणि आईनें वाटेंतच मुलीस पाठ दिले. सन १८७४ च्या सुमारास दुष्काळांत आईबाप व वडील बहीण मरण पावलीं. उरलेलीं दोघें भावंडें चालत चालत १८७८ सालीं कलकत्त्यास पोंचलीं. तेथील विद्वानांनीं रमाबाईंचें ज्ञान पारखून त्यांस पंडिता व सरस्वती ह्या पदव्या दिल्या.

लवकरच भाऊ गेला. विवाहास दोन वर्षें झालीं नाहींत तोंच १८८२ सालीं पतीही वारले. तान्ह्या मनोरमेस घेऊन बाई पुण्यास आल्या. त्याच वर्षीं सरकारी शिक्षण कमिशनापुढें त्यांनीं स्त्री-शिक्षक व स्त्री-डॉक्टर यांची निकड मांडिली. १८८३ सालीं इंग्लंडांत वाँटेज येथें त्यांचा बाप्तिस्मा झाला. १८८९ सालीं त्यांनीं मुंबईंत विधवांसाठीं शारदासदन उघडलें. आणि १८९६ सालीं दुष्काळ पडला तेव्हां मध्यप्रांतांतून शेंकडों निराश्रित मुली आणून केडगांवीं मुक्तिसदनांत सांभाळिल्या. ज्यांनीं स्वतः भूक सोसली, त्यांस उपाशी मुलींकडे पाठ फिरवणें कसें साधावें?

ह्याच मुलींसाठीं बाईंनीं आपलें शेवटचें मोठें काम हातीं घेतलें. मराठींत पवित्र शास्त्र होतें, परंतु त्यांतील कठीण शब्द खेड्यांतील बायांस उमगत नसत. संस्कृत तर रमाबाईंच्या हातचा मळ. तरी तें पांडित्य बाजूस ठेवून त्या उतारवयांत इब्री व ग्रीक भाषा शिकल्या, आणि मूळावरून साध्या मराठींत भाषांतर करूं लागल्या. मुक्तीच्या छापखान्यांत मुलींनीं व बायांनीं खिळे जुळवून तें छापिलें. १९२१ सालीं मनोरमाबाई निवर्तल्या. तरी आईनें काम टाकिलें नाहीं. ५ एप्रिल १९२२ रोजीं रमाबाई प्रभूकडे गेल्या, व १९२४ सालीं संपूर्ण ग्रंथ प्रसिद्ध झाला.

एका पित्यानें आपल्या घरच्या बाईस शिकविलें आणि त्यापायीं अरण्य पत्करलें. ती विद्या अशी शेंकडों अनाथ मुलींच्या हातीं आली. उपदेशक बंधूंनो, आम्हांपैकीं ज्यांस चार अधिक शब्द येतात त्यांनीं बाईंचा हा धडा गिरवावा. उपासनेंत दाराशीं बसलेल्या बाईस जें कळलें, तेंच आम्ही सांगितलें असें समजावें.