देवळालीच्या कापरेकर मास्तरांनी आयुष्यभर आकड्यांचा नाद केला, अन् जगाला ६१७४ मिळाला

फोनमधला कॅल्क्युलेटर उघडा. कोणतीही चार अंकी संख्या घ्या. अट एकच, चारही अंक सारखे नकोत.

आता त्या अंकांपासून सगळ्यात मोठी आणि सगळ्यात लहान संख्या तयार करा. मोठीतून लहान वजा करा. उत्तर येईल त्याचंही तेच करा. उत्तर तीन अंकी आलं तर पुढं शून्य लावा आणि चालू ठेवा.

उदाहरणासाठी १९०५ घेऊ.

९५१० − ०१५९ = ९३५१
९५३१ − १३५९ = ८१७२
८७२१ − १२७८ = ७४४३
७४४३ − ३४४७ = ३९९६
९९६३ − ३६९९ = ६२६४
६६४२ − २४६६ = ४१७६
७६४१ − १४६७ = ६१७४

यापुढं कितीही वेळा वजाबाकी करा, ६१७४ च येणार. संख्या कोणतीही घ्या, जास्तीत जास्त ७ पायऱ्यांत गाडी याच स्टेशनवर येऊन थांबते. या ६१७४ ला जगभरात कापरेकर स्थिरांक म्हणतात. आणि वर घेतलेलं १९०५ हे साल म्हणजे ज्यांच्या नावाने हा आकडा ओळखला जातो, त्या दत्तात्रेय रामचंद्र कापरेकरांचं जन्मसाल.

कापरेकर कुठल्या विद्यापीठात प्रोफेसर नव्हते. त्यांच्याकडे पीएचडी नव्हती, एमएससीही नव्हती. ते नाशिकजवळच्या देवळालीत शाळामास्तर होते.

वडिलांचं ज्योतिष, पोराची आकडेमोड

कापरेकरांचा जन्म १७ जानेवारी १९०५ चा, डहाणूचा. ८ वर्षांचे असताना आई गेली. वडिलांनी सांभाळ केला. वडील कारकून होते, पण त्यांना ज्योतिषाची भारी आवड. आता पत्रिका मांडायची म्हटलं की आकडेमोड आलीच. बापाचं बघून पोरालाही हिशोबाची गोडी लागली. ठाण्याच्या शाळेत असताना हा मुलगा तासन्‌तास गणितातली कोडी सोडवत बसायचा.

पुढं ते पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात गेले. १९२७ मध्ये त्यांना रँग्लर र. पु. परांजपे यांच्या नावाचं गणिताचं पारितोषिक मिळालं, तेही स्वतंत्र कामासाठी. १९२९ मध्ये बीएससी झाले आणि १९३० पासून देवळालीत शिकवायला लागले. १९६२ ला रिटायर होईपर्यंत, म्हणजे ३२ वर्षं, ते मास्तरच राहिले.

दिवसा शाळा आणि उरलेल्या वेळात आकड्यांचा खेळ, असं ते गणित होतं.

स्टेशनच्या नावाची संख्या, गावाच्या नावाची संख्या

मुंबईपासून साधारण ३० मैलांवर जीआयपी रेल्वेचं एक स्टेशन होतं, डेम्लो. म्हणजे आजचं डोंबिवली. तिथं कापरेकरांना एका प्रकारच्या संख्यांचा अभ्यास करायचं सुचलं, म्हणून त्यांनी त्यांना नाव दिलं डेम्लो संख्या. १६५ बघा. पहिला १ आणि शेवटचा ५ मिळवला की मधला ६ येतो. २५५३ मध्ये २ आणि ३ मिळून ५, आणि मध्ये तोच ५ दोनदा.

मग आली देवळाली संख्या. एखादी संख्या घ्या आणि तिच्यात तिच्याच अंकांची बेरीज मिळवा. १५ घेतले तर १ + ५ = ६, आणि १५ + ६ = २१. म्हणजे २१ चा जन्म १५ पासून झाला. पण २० कशापासून होतात? १४ पासून १९ येतात, १५ पासून एकदम २१. अशी कुठलीच संख्या २० ला जन्म देत नाही. ३१, ४२, ५३ यांचंही तसंच. अशा आईबापाविना आलेल्या संख्यांना कापरेकरांनी आपल्या गावाचं नाव दिलं.

तिसरी हर्षद, म्हणजे आनंद देणारी. जिला तिच्याच अंकांच्या बेरजेने पूर्ण भाग जातो ती हर्षद संख्या. परभणी जिल्ह्यातल्या गंगाखेडचा पिनकोड आहे ४३१५१४. अंकांची बेरीज १८. भागून बघा, बरोबर २३९७३ येतात, बाकी शून्य. गंगाखेडकरांचा पिनकोड हर्षद आहे. परभणी शहराचा ४३१४०१ मात्र नाही. तिथं बेरीज १३ होते आणि भागल्यावर ९ उरतात.

आणि ज्यांना थेट कापरेकर संख्या म्हणतात त्या वेगळ्याच. ४५ चा वर्ग २०२५. त्याचे दोन तुकडे करा, २० आणि २५. बेरीज परत ४५. ९९ चा वर्ग ९८०१, आणि ९८ + ०१ = ९९.

मोठ्या गणितज्ञांना हे काही पटेना

त्या काळात देशातल्या बऱ्याच गणितज्ञांनी कापरेकरांना गांभीर्याने घेतलं नाही. त्यामागं कारणही होतं. हे गुण बऱ्याचदा आपण संख्या दहाच्या पद्धतीत लिहितो म्हणून दिसतात. पद्धत बदलली की गंमत बदलते. त्यामुळं यात खोल गणित नाही, असं मानलं जायचं.

रामानुजन यांना केंब्रिजला बोलावणारे जी. एच. हार्डी यांचंही मत काहीसं असंच. १९४० मध्ये आलेल्या आपल्या पुस्तकात त्यांनी अशा अंकांच्या गमती कोड्यांच्या सदरात शोभणाऱ्या ठरवल्या. त्यासाठी दिलेल्या उदाहरणांत ९८०१ हा आकडाही होता. तोच, ९९ चा वर्ग.

कापरेकर मात्र थांबले नाहीत. साध्या मासिकांत लेख द्यायचे, नाहीतर छोट्या पुस्तिका स्वतःच छापायचे. गणिताच्या परिषदांना पदरचे पैसे घालून जायचे आणि तिथं आपले शोध सांगायचे. मास्तरच्या पगारात हे सगळं बसवायचं म्हणजे चेष्टा नव्हती.

६१७४ त्यांना सापडला १९४६ मध्ये. १९४९ च्या मद्रासच्या गणित परिषदेत त्यांनी तो मांडला. १९५५ मध्ये स्क्रिप्टा मॅथेमॅटिका या नियतकालिकात त्यावर त्यांचा लेख आला.

हे होतं तरी कसं?

मोठ्या संख्येतून लहान वजा केली की उत्तर दोनच गोष्टींवर ठरतं. एक, सगळ्यात मोठ्या आणि सगळ्यात लहान अंकातला फरक. दोन, मधल्या दोन अंकांतला फरक. पहिल्या फरकाला ९९९ ने गुणा, दुसऱ्याला ९० ने, दोन्ही मिळवा, झालं उत्तर. या फरकांच्या शक्य जोड्या फक्त ५४.

म्हणजे पुढं शून्य असलेल्या धरून ज्या ९,९९० संख्या या खेळात बसतात, त्या पहिल्याच वजाबाकीत ५४ उत्तरांवर येतात. ती ५४ च्या ५४ तपासली की सगळ्यांची वाट ६१७४ कडे जाताना दिसते. तीन अंकी संख्यांचंही असंच एक स्टेशन आहे, ४९५.

नाव झालं, पण कधी?

मार्च १९७५ मध्ये अमेरिकेच्या सायंटिफिक अमेरिकन मासिकात मार्टिन गार्डनर यांनी आपल्या गणिती खेळांच्या सदरात कापरेकरांवर लिहिलं. हे सदर जगभर वाचलं जायचं. देवळालीचे मास्तर रातोरात जगाला माहीत झाले. तेव्हा त्यांचं वय होतं ७०.

त्याआधीची वर्षं सोपी नव्हती. १९६६ मध्ये पत्नीचं निधन झालं. पेन्शनवर भागेना, म्हणून ते शिकवण्या घ्यायचे. हौस मात्र सुटली नाही.

१९८६ मध्ये कापरेकर गेले. देवळाली संख्यांना आज बाहेर सेल्फ नंबर किंवा कोलंबियन नंबर म्हणतात, हर्षद संख्यांना काही जण निव्हेन नंबर म्हणतात. पण ६१७४ आणि ४५, ९९ सारख्या संख्यांवर त्यांचंच नाव आहे. कॉम्प्युटर शिकणाऱ्या पोरांना आजही हर्षद संख्या ओळखणारा प्रोग्रॅम सरावाला दिला जातो.

जाता जाता एक गंमत. १९८६ घेऊन तोच खेळ करा. ९८६१ − १६८९ = ८१७२. वर बघा, १९०५ ची दुसरी पायरी पण ८१७२ च आहे. तिथून पुढं मास्तरांच्या जन्माचं आणि मृत्यूचं साल एकाच वाटेने ६१७४ ला पोहोचतं. जन्मसालाला पूर्ण ७ पायऱ्या लागतात, मृत्यूच्या सालाला ६.

आता तुमचं जन्मसाल टाका आणि किती पायऱ्या लागतात ते मोजा.