हजरत अस्मा बिन्त उमैस (रजि.) आणि शोकाच्या घरची चूल

१९ जुलै २०२३ च्या रात्री आपल्या रायगड जिल्ह्यातील इर्शाळवाडीवर दरड कोसळली. खालापूर तालुक्यात इर्शाळगडाच्या उतारावर वसलेली ही ठाकर समाजाची वाडी काही क्षणांत मातीखाली गेली. २७ जणांचे मृतदेह हाती आले, ५७ जण सापडलेच नाहीत. शेलू, नेरळ, कर्जत या पट्ट्यात राहणाऱ्या आपल्या कुटुंबांना ही वाडी काही परमुलखातली नव्हे. एवढा मोठा आघात झालेल्या माणसांकडे जावे ते काय घेऊन, आणि जाऊन करावे तरी काय, हा प्रश्न अशा वेळी प्रत्येक शेजाऱ्यासमोर उभा राहतो. त्याचे उत्तर आपल्याला एका सहाबी स्त्रीच्या जीवनात सापडते.

हजरत अस्मा (रजि.) या खसअम कबिल्यातील. मक्केत इस्लामचा स्वीकार करणाऱ्या अगदी आरंभीच्या मोजक्या लोकांत त्या व त्यांचे पती हजरत जाफर बिन अबू तालिब (रजि.) होते. मक्केतील छळ असह्य झाला तेव्हा हे तरुण जोडपे समुद्र ओलांडून हबशाला गेले. परक्या भाषेच्या, ख्रिस्ती राजाच्या त्या देशात त्यांनी अनेक वर्षे काढली. अब्दुल्लाह, मुहम्मद आणि औन ही त्यांची तिन्ही मुले तेथेच जन्मली. हिजरी सन ७ मध्ये, खैबरच्या विजयाच्या सुमारास, हे कुटुंब मदिनेत पोहोचले. हिजरतीच्या बाबतीत तुम्ही आमच्या मागे राहिलात, असे हजरत उमर (रजि.) यांनी म्हटले, तेव्हा अस्मा (रजि.) गप्प बसल्या नाहीत. त्यांनी आपले म्हणणे थेट प्रेषितांपुढे (स.) मांडले. प्रेषितांनी (स.) निर्वाळा दिला की, जहाजातून आलेल्या या लोकांच्या वाट्याला एक नव्हे, दोन हिजरतींचे पुण्य आहे.

मदिनेतील हे सुख फार टिकले नाही. हिजरी सन ८ मध्ये तीन हजारांचे सैन्य सीरियाच्या सीमेवर मूता येथे गेले. हजरत जैद बिन हारिसा, हजरत जाफर आणि हजरत अब्दुल्लाह बिन रवाहा (रजि.) हे तिन्ही सेनापती एकामागून एक शहीद झाले. हा घाव साऱ्या मदिनेवर होता. परतलेल्या सैनिकांना लोकांनी पळपुटे म्हणून हिणवले व त्यांच्यावर धूळ फेकली. प्रेषितांनी (स.) ते थांबवले आणि हे पळून आलेले नसून पुन्हा उभे राहणारे लोक आहेत, असे सांगून त्यांची मान राखली. दुःखाच्या भरात समाज आपल्याच माणसांवर उलटू लागतो. त्याला तेथेच आवरणे हा दिलाशाचाच एक भाग होता.

जाफर (रजि.) यांच्या घरी ही बातमी घेऊन स्वतः प्रेषित (स.) गेले. अस्मा (रजि.) यांनी पीठ मळून ठेवले होते, मुलांना न्हाऊमाखू घालून तेल लावले होते. प्रेषितांनी (स.) मुलांना जवळ घेतले, त्यांना हुंगले आणि त्यांचे डोळे वाहू लागले. अस्मा (रजि.) काय ते समजल्या व त्यांनी हंबरडा फोडला. प्रेषितांनी (स.) घरी परतून आपल्या कुटुंबीयांना सांगितले की, जाफरच्या घरच्यांसाठी जेवण तयार करा, कारण आज त्यांना स्वतःची शुद्ध नाही.

तीन दिवस शोकाला मोकळीक मिळाली. त्यानंतर प्रेषित (स.) पुन्हा आले. आता रडणे पुरे, असे सांगून त्यांनी न्हावी बोलावला व मुलांचे केस काढवले. अस्मा (रजि.) यांनी मुलांच्या पोरकेपणाची चिंता बोलून दाखवली, तेव्हा या मुलांचा पालक आपण आहोत, अशी ग्वाही त्यांनी दिली. जेवणाची आणि न्हाव्याची ही हकीकत आपल्यापर्यंत पोहोचवणारे रावी हजरत अब्दुल्लाह बिन जाफर (रजि.), म्हणजे त्या दिवशीचे ते अजाण लेकरूच. पुढे त्यांच्या दानशूरपणाची ख्याती सर्वत्र पसरली.

इद्दत पूर्ण झाल्यावर काही काळाने अस्मा (रजि.) यांचा विवाह हजरत अबू बकर (रजि.) यांच्याशी झाला. हिजरी सन ११ मध्ये प्रेषितांच्या (स.) वियोगाने मदिना पुन्हा पोरकी झाली. काही महिन्यांतच हजरत फातिमा (रजि.) मृत्युशय्येवर होत्या. जनाजा नेताना चादरीतून देहाचा आकार दिसतो, हे त्यांना सलत होते. अस्मा (रजि.) यांनी खजुराच्या ओल्या फांद्या वाकवून त्यावर कापड अंथरले आणि हबशात पाहिलेली ताबूताची पद्धत दाखवली. फातिमा (रजि.) यांचे मन निवले. परक्या मुलखातील चांगली रीत अशी दुःखाच्या घरी उपयोगी पडली.

हिजरी सन १३ मध्ये अबू बकर (रजि.) वारले. त्यांच्या इच्छेनुसार अस्मा (रजि.) यांनी कडाक्याच्या थंडीत, रोजा असताना, त्यांच्या देहाला गुस्ल दिला. नंतर त्या हजरत अली (रजि.) यांच्या घरी आल्या. एकदा जाफर व अबू बकर (रजि.) यांच्या मुलांत कोणाचे वडील श्रेष्ठ यावरून वाद झाला. अस्मा (रजि.) यांनी तरुणांत जाफरना व वडीलधाऱ्यांत अबू बकरना सर्वोत्तम ठरवून दोन्ही पोरक्या मनांचा मान राखला. पुढे यादवी माजली. हिजरी सन ३८ मध्ये त्यांचा पुत्र मुहम्मद बिन अबू बकर इजिप्तमध्ये मारला गेला. ती वार्ता कळताच त्या आपल्या नमाजच्या जागी जाऊन बसल्या व त्यांनी संताप गिळला, असे चरित्रकार सांगतात.

वाचकहो, आज आपल्या अनेक घरांत काय घडते? ज्याच्या घरचा माणूस गेला, त्यालाच आल्यागेल्यांसाठी देगी चढवाव्या लागतात. प्रसंगी कर्ज काढून चाळिसावा उरकावा लागतो. मयताच्या घरी जमून त्यांच्याकडचे जेवण जेवणे हे सहाबा विलापाचाच प्रकार मानत, असे हजरत जरीर बिन अब्दुल्लाह (रजि.) यांनी सांगितले आहे. आपण सुन्नत नेमकी उलटी केली आहे.

मूतानंतरच्या त्या घरी प्रेषित (स.) दोनदा गेले. पहिल्या भेटीनंतर अन्न आले, दुसऱ्या भेटीत मुलांना पालक मिळाला. आपण पहिल्या दिवशी गर्दी करतो, चौथ्या दिवशी कोणी फिरकत नाही. शेजारी कोणत्याही धर्माचा असो, त्याच्यावर आघात झाला तर आधी आपल्या घरचा डबा जावा आणि नंतर त्याच्या मुलांची फी, औषध, कागदपत्रे यांची विचारपूस व्हावी. इर्शाळवाडीतून वाचलेल्यांचे चौकजवळ पुनर्वसन झाले. पण घर मिळाले म्हणून शोक सरत नाही. त्यांच्या वाटेने जाल तेव्हा थोडे थांबा. अल्लाह आपल्याला या सुन्नतीवर चालण्याची सद्बुद्धी देवो. आमीन.