सतीचे वाण आणि अहिल्याबाई

परळीच्या वैद्यनाथ मंदिराचा जीर्णोद्धार पुण्यश्लोक अहिल्याबाईंनी केला, हे येथील लहान मुलासही ठाऊक असते. त्यांच्या देवळांची व घाटांची यादी आम्ही वर्गात मुलांकडून पाठ करून घेत असू. त्यांच्या संसाराविषयी मात्र क्वचितच बोललो.

१७२५ साली चौंडीस जन्मलेली ही कन्या बालवयातच होळकरांची सून झाली. १७५४ मध्ये कुंभेरच्या वेढ्यात पती खंडेराव पडले. पतीमागे पत्नीने चितेवर चढावे, ही थोर घराण्यांतील अपेक्षा. अहिल्याबाईही सिद्ध झाल्या. परंतु सासरे मल्हारराव आडवे आले. आता तूच माझा पुत्र, असे विनवून त्यांनी सुनेस मागे फिरविले. असा सासरा त्या काळी विरळाच! पुढे त्यांनी तिला तोफखान्याची कामेही सांगितली. १७६७ पासून १७९५ पर्यंत अहिल्याबाईंनी राज्य केले.

१७९१ मध्ये जावई यशवंतराव फणसे निवर्तले आणि कन्या मुक्ताबाई सती निघाल्या. आईने परोपरीने विनविले. पुत्र आधीच गेला, आता पतीही गेला, तुमच्यामागे मी कोणासाठी जगावे, असे लेकीचे म्हणणे. माळव्याच्या स्वामिनीपाशी त्यास उत्तर नव्हते. महेश्वरी नर्मदातीरी त्यांनी ती चिता उभ्याने पाहिली. नंतर तीन दिवस अन्न घेतले नाही, असे माल्कम साहेबाने नमूद केले आहे. पुढे लेकीजावयाचे सुंदर स्मारक त्यांनी उभारले. आमच्या त्या यादीत ते कधीच नव्हते.